लोकरीच्या टोपीतलं हिमकमळ: हे आपलं ब्रह्मकमळ नाही ना?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

नोकरीमुळे तीन वर्षं शांघायला आहे. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही चीनच्याच युन्नान प्रांताच्या वायव्य टोकाला फिरायला गेलो. शांग्रिला हे शहर (२००१ पर्यंत झोंगदियान म्हणायचे, पर्यटक यावेत म्हणून बारसं केलं), आणि तिथून देचेनला जाणारा घाटरस्ता. कागदोपत्री हा युन्नान. पण घरं, भाषा, लोण्याचा चहा, खिंडीखिंडीत फडफडणाऱ्या पताका, सगळं तिबेटी. वाटेतल्या बाइमा डोंगररांगेची खिंड ४,००० मीटरच्या वर आहे. तिथे गाडी थांबवून ड्रायव्हरने आम्हाला दगडांच्या उतारावर नेलं आणि बोट दाखवलं. मला वाटलं मेंढीची लोकर दगडात अडकलीय. वाकून पाहिलं तर झाड! खाली पानं, वर मुठीएवढा लोकरीचा गोळा, आणि त्या लोकरीतून बारीक बारीक फुलांचे शेंडे डोकावताहेत. हात लावायला गेले तर ड्रायव्हर नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी देचेनच्या बाजारात तेच झाड वाळवून, लाल दोऱ्याने जुड्या बांधून विकायला होतं. चिनीत शुएलिएन म्हणजे हिमकमळ, तिबेटीत गांगला मेतोक, म्हणजे बर्फाच्या देवाचं फूल. डोकेदुखी, बायकांच्या तक्रारी, सांधेदुखी, सगळ्यावर चालतं म्हणे. मोठ्या झाडाला लहानाच्या तिप्पट भाव. सासूबाईंचे गुडघे डोळ्यांपुढे आले आणि मी चार झाडांची एक जुडी घेतली.

घरी आल्यावर दोन प्रश्न पडले.
१. हे ब्रह्मकमळ का? कारण पुण्यात आमच्या बाल्कनीत जे ब्रह्मकमळ आहे ते अगदीच वेगळं दिसतं.
२. सासूबाईंना द्यावं का? बाजारातली बाई म्हणाली होती की दारूत महिनाभर भिजवायचं आणि रोज एक छोटा पेला घ्यायचा. सासूबाई माळकरी आहेत.

चहाबाज
दुसऱ्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्याला दंडवत. माळकरी सासूबाईंना रोज एक पेला! धागा वाचनखुणेत टाकला आहे.

घसारा_प्रेमी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, दुसऱ्यात पडत नाही.

बाल्कनीतलं ब्रह्मकमळ हा निवडुंग आहे. मूळचा दक्षिण मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा. ज्याला आपण पान म्हणतो ते पान नव्हे, चपटं खोड. रात्री उमलतं, सकाळी मान टाकतं, शेजारीपाजारी बोलावून आपण आरती करतो. गोड प्रकार आहे, पण हिमालयाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

खरं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्वालाटा, उत्तराखंडचं राज्यफूल. घांघरियाहून हेमकुंडची चढण चढताना शेवटच्या टप्प्यात दिसतं. फिक्या पोपटी, कागदासारख्या पारदर्शक पानांची ओंजळ, आत जांभळी फुलं, आणि एक उग्र वास. हेमकुंड साधारण ४,३०० मीटरवर. आपली निम्मी मंडळी व्हॅली ऑफ फ्लॉवर्स बघून खालूनच परत फिरतात आणि म्हणतात ब्रह्मकमळ दिसलं नाही. अहो, ते वर आहे.

तुम्ही पाहिलंत ते त्याच कुळातलं चुलत भावंड. उत्तराखंडात लोकरवाल्या जातींना फेनकमळ म्हणतात. तुमच्या भागातलं बहुधा सॉसुरिया लॅनिसेप्स असावं. लॅनिसेप्स म्हणजे लोकरी डोक्याचं. यातलं कुठलंच कमळ नाही हे वेगळं सांगायला नको, सगळी शेवंती-सूर्यफुलाच्या घराण्यातली.

अवांतर: सॉसुरिया हे नाव जिनिव्हाच्या ओरास बेनेदिक्त द सॉस्युर आणि त्याच्या मुलावरून. या बाबाने १७६० मध्ये मों ब्लां चढणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं, २६ वर्षांनी ते कुणीतरी जिंकलं, आणि पुढच्या वर्षी, १७८७ मध्ये, स्वतःही चढून गेला. डोंगरवेड्याच्या नावाचं फूल डोंगरावरच.

रानजाई
वा! लोकर कशासाठी पण? थंडीसाठी?

घसारा_प्रेमी
थंडीसाठी, उन्हासाठी आणि पावसासाठीही. तेवढ्या उंचीवर फुलायचं म्हणजे दोनच युक्त्या. ब्रह्मकमळ स्वतःभोवती काचघर बांधतं: ती पारदर्शक पानं ऊन आत घेतात, ऊब कोंडून ठेवतात आणि पाऊस परागांवर पडू देत नाहीत. लोकरवाली स्वेटर घालतात. ऊन पडलं की लोकरीच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चांगलंच चढतं. चिनी लोक या लोकरवाल्यांना हिमससा म्हणतात असं वाचलंय, ते मला कमळापेक्षा जास्त पटतं.

आणि जागा बघा ना, निव्वळ घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार. आपण हरिश्चंद्रगडाच्या नळीत घसाऱ्यावर चार पावलं टाकताना देव आठवतो. हे झाड तिथे मूळ धरून वर्षानुवर्षं बसतं.

काढेवाली
दुसरा प्रश्न माझ्या वाट्याचा. आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. तिबेटी औषधशास्त्र शिकलेली नाही, पण ओढ आहे, त्यामुळे थोडं वाचन आहे.

आधी सरळ उत्तर: देऊ नका. दारूत नाही, पाण्यात नाही, मधात नाही. कारणं सांगते.

तिबेटी वैद्यकात, म्हणजे सोवा रिग्पात, एकच वनस्पती उचलून दिली असं क्वचित होतं. बहुतेक औषधं मिश्रणं. 'अगर ३५' या त्यांच्या प्रसिद्ध औषधाच्या नावातच घटकांची संख्या आहे. वैद्य नाडी बघतो, मूत्र बघतो, जीभ बघतो, लुंग-ट्रिपा-बेकेन (आपल्या वात-पित्त-कफाचे सख्खे नातलग) यांचा हिशेब करतो आणि मग गोळ्या देतो. बाजारातल्या बाईने यातलं काय केलं? तुमच्या सासूबाईंना तिने पाहिलं तरी आहे का?

दुसरं, या वनस्पतीने सूज आणि वेदना कमी होतात असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. तुमच्या सासूबाई उंदीर नाहीत. गर्भिणीला तर हे मुळीच देत नाहीत, गर्भाशयावर परिणाम होतो म्हणून. म्हणजे ही पाळीच्या तक्रारींवर उगीच वापरली जात नाही, हिच्यात ताकद आहे. आणि ताकद आहे तिथे मात्रा लागते.

तिसरं, वाळलेल्या जुडीत नेमकं काय आहे हे तुम्हाला कळणार नाही. युन्नानमध्ये बचनागाची मुळं दारूत घालून किंवा शिजवून खाण्याने विषबाधा होण्याचे प्रकार घडत असतात. तुमच्या जुडीत बचनाग आहे असं म्हणत नाही. ओळख पटल्याशिवाय डोंगरावरचं काही पोटात घालू नये, एवढंच.

हे सगळं मी तिबेटी वैद्यकाला नाकं मुरडून लिहीत नाहीये हं. आमचं आणि त्यांचं जुनं घरचं नातं आहे. वाग्भटाचं अष्टांगहृदय ११व्या शतकात रिन्चेन झांगपोच्या पुढाकाराने तिबेटीत गेलं. त्यांचा मूळ ग्रंथ ग्युशी, म्हणजे चार तंत्रं. तो वाचताना ओळखीच्या माणसाला परक्या वेषात भेटल्यासारखं होतं. आणि माझी सर्वात लाडकी गोष्ट: त्यांच्या भैषज्यगुरू बुद्धाच्या उजव्या हातात काय आहे सांगा. हिमकमळ नाही. हिरडा! ते त्याला अरुरा म्हणतात, औषधांचा राजा. तिबेटच्या पठारावर हिरडा उगवत नाही, खालून उष्ण मुलखातून वर न्यावा लागायचा. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी बायका उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करताना पाहिल्यात ना? तेच झाड. आपण त्यांचं फूल विकत घ्यायला धावतो आणि त्यांच्या देवाच्या हातात आपल्या डोंगरातलं फळ.

चहाबाज
"तुमच्या सासूबाई उंदीर नाहीत" हे घरी फ्रेम करून लावा.

लातूरचा_लेहमध्ये
काढेवाली ताई, सुंदर प्रतिसाद. थोडी भर घालतो. चार वर्षं लेहला आहे. इथे या वैद्यांना आमची म्हणतात. पहिल्या महिन्यात सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, "पाठ दुखतेय तर आमचीकडे जा." म्हटलं, तुमची कोण? तो म्हणे, आमची. मी म्हटलं, अहो तुमचीच विचारतोय. पाच मिनिटं हेच. शेवटी त्याने घरी येऊन मला हाताला धरून नेलं.

त्या म्हाताऱ्या आमचींनी तीन बोटांनी दोन्ही मनगटं कितीतरी वेळ धरली, आणि विचारलं, रात्री झोप येते का. पाठीचं नंतर. गोळ्या दिल्या, मटारएवढ्या, दाताने फोडून गरम पाण्याबरोबर घ्यायच्या. कडू म्हणजे कारल्याने लाजावं. पाठ बरी झाली ती गोळ्यांनी की त्यांनी दुचाकी बंद करायला सांगितली म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

झाडं गोळा करायला आमची उन्हाळ्यात स्वतः वर जायचे, नातवाला घेऊन. एका जागेवरची सगळी कधी काढायची नाहीत, बी धरायला ठेवायची, हे नातवाला चालता चालता सांगायचे. त्यांचं उत्पन्न म्हणाल तर गावाकडून सातू, लोणी, शेतातली मदत. भारत सरकारने सोवा रिग्पाला २०१० मध्ये अधिकृत मान्यता दिली. लेहला राष्ट्रीय संस्था मंजूर झाली ती २०१९ मध्ये. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत होतं.

शंकासूर
मान्यता वगैरे ठीक. पण गोळीत नक्की काय काम करतं ते कळल्याशिवाय मी तरी घेणार नाही. असो. मला वेगळंच विचारायचं आहे. लहान झाडाला कमी आणि मोठ्याला तिप्पट भाव, म्हणजे लोक मोठीच तोडणार. मग मोठी उरतात कशी?

मिसिसिपीकाठचा
शंकासूर, तुम्ही नेमकी दुखरी नस पकडलीत. याच प्रश्नावर, याच फुलावर, आणि रानजाई गेल्या त्याच डोंगरात काम झालेलं आहे.

मी सेंट लुईसला राहतो. इथल्या मिसूरी बोटॅनिकल गार्डनमध्ये शनिवारी स्वयंसेवक म्हणून जातो. वाळवलेली झाडं कागदावर चिकटवायची, पाकिटं करायची, असलं बिनडोक पण मन शांत करणारं काम. या बागेच्या वेन लॉ आणि जॅन सॅलिक या दोघांनी २००५ मध्ये हिमकमळावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कल्पना इतकी साधी की ऐकून वाटतं, हे मलाही सुचलं असतं.

वनस्पतिसंग्रहालयांत शंभर-सव्वाशे वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी गोळा केलेली हिमकमळं वाळवून ठेवलेली असतात. प्रत्येकावर चिठ्ठी: कुठे, कधी, कुणी. यांनी ती काढली आणि पट्टीने उंची मोजली. लॅनिसेप्सची उंची शतकभरात सरळ घटत आलेली दिसली. मग डोंगरात गेले. जिथे लोक खूप तोडतात तिथली झाडं, आणि खावा कार्पो या पवित्र डोंगराच्या परिसरातली, जिथे तोडत नाहीत तिथली झाडं, अशी तुलना केली. तोडतात तिथली बुटकी.

कारण असं. हे झाड कित्येक वर्षं नुसती पानं घेऊन बसतं, आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. तोडायचं तेही फुलावर असतानाच, म्हणजे बी धरायच्या आधी. आणि मोठ्यात गुण जास्त ही समजूत. म्हणजे उंच झाड वंश न ठेवता जातं, बुटकं "हे कशाला" म्हणून मागे राहतं आणि बी टाकतं. पुढच्या पिढीत बुटक्यांची पोरं. कुणी ठरवून केलेलं नाही. शेतकरी उत्तम कणीस बियाण्याला ठेवतो ना, त्याच्या बरोब्बर उलटं.

शंकासूर
थांबा. हवामानबदलामुळे बुटकी होत नसतील कशावरून? किंवा पूर्वीचे गोरे साहेब मुद्दाम मोठीच झाडं घेऊन जात असतील, आताचे कोणतीही घेतात. आकडा तोच, अर्थ वेगळा.

मिसिसिपीकाठचा
हाच प्रश्न त्यांनाही पडला होता, आणि उत्तराची तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली होती. तिथेच, तशाच घसाऱ्यावर, दुसरं एक लोकरवालं भावंड वाढतं, सॉसुरिया मेड्युसा. लोक ते फारसं तोडत नाहीत. हवा तीच, पाऊस तोच, वाळवून नेणारे साहेबही तेच. त्याची उंची शतकभरात घटलेली नाही. हवामान दोषी असतं तर दोघंही खुजी झाली असती. साहेबांची आवड बदलली असती तर दोन्हींच्या बाबतीत बदलली असती.

शंकासूर
पटलं. (ही तारीख लिहून ठेवा.)

पापलेट_तळलेलं
आमच्याकडे बंदरावर हेच चाललंय हो. मोठं पापलेट आधी जातं, मग मधलं, मग तळहाताएवढं, आणि आता त्या तळहाताएवढ्यालाही लोक पापलेटच म्हणतात. लहानपणी आजी ज्याला "हे मांजराला घाल" म्हणायची ते आता ताटात सजवून येतं. माशाने अंडी टाकायच्या आधीच त्याला जाळ्यात घ्यायचं. कागदावर किमान आकाराचा नियम आहे. जाळ्याचे डोळे बघायला कोण जातंय?

घसारा_प्रेमी
एकदाच फुलून मरणारं झाड म्हटल्यावर मला कारवी आठवली. सात वर्षं गप्प, आठव्या पावसाळ्यात अख्खा डोंगर जांभळा आणि नंतर काटक्या. पण कारवी लाखोंनी एकदम फुलते, कितीही ओरबाडली तरी बी उरतं. हिमकमळाचं तसं नाही. रानजाई, तुम्ही उतारावर किती मोजलीत?

रानजाई
उतारावर नाही मोजली. नजरेच्या टप्प्यात सहा-सात असतील. ड्रायव्हर का नको म्हणाला ते आत्ता समजतंय. मला वाटलं होतं देवाचं फूल म्हणून.

मिसिसिपीकाठचा
देवाचं फूल म्हणूनही असेल. खावा कार्पो ६,७४० मीटर, आजवर कुणी माथ्यावर पोचलेलं नाही. १९९१ च्या जानेवारीत हिमप्रपातात चिनी-जपानी मोहिमेतले १७ जण एका रात्रीत गेले. स्थानिकांनी आधीपासून सांगितलं होतं, त्याच्या डोक्यावर पाय देऊ नका. आता चढाईला बंदी आहे, लोक प्रदक्षिणा करतात.

लातूरचा_लेहमध्ये
आपल्या देवराया आठवल्या. देवाचं भय होतं तिथे झाड उरलं.

घसारा_प्रेमी
उत्तराखंडातही तसंच. नंदाष्टमीच्या आधी बुग्यालात (उंचावरच्या कुरणात) ब्रह्मकमळ तोडायचं नाही ही जुनी चाल. नंदाष्टमी येते भाद्रपदात, तोवर बरीचशी फुलं बी धरायला लागलेली असतात. कुणा म्हाताऱ्याने वनस्पतिशास्त्र न शिकता हे वेळापत्रक बसवलं.

सह्याद्रीपुत्र_२१
मला एक खटकतंय. अमेरिकन शास्त्रज्ञ येतात, पट्टी लावतात आणि खापर फोडतात पूर्वेकडच्या पारंपरिक वैद्यकावर. हजार वर्षं हेच फूल वापरात आहे. तेव्हा का नाही संपलं?

काढेवाली
खापर वैद्यांवर फोडलंय असं निदान या धाग्यात तरी कुणी म्हटलेलं नाही. वर लेहच्या आमचींचं वाचलंत का? वैद्य मूठभर नेतो आणि पुढच्या वर्षी त्याच उतारावर त्यालाच परत यायचं असतं. लाल दोऱ्याची जुडी घेणारा पर्यटक परत येत नाही. रानजाई, रागावू नका.

रानजाई
रागावत नाही. घेणारी मीच.

सह्याद्रीपुत्र_२१
ठीक, मुद्दा मान्य. मग लागवड का करत नाहीत? आपण कोरफड लावतो तसं.

काढेवाली
याच्याच घरातल्या कुष्ठ नावाच्या वनस्पतीची (हिंदीत 'कुठ') लागवड झालीये की. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात उपलेट किंवा कोष्ठ म्हणून मिळतं ते. हिमाचलात लाहौलचे शेतकरी १९२०च्या दशकापासून कुठ पिकवतात. जंगलातल्या कुठाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, मुळांसाठी इतकं उपटलं गेलं की दुसरा इलाज नव्हता. पण कुठ उंच, दांडगं, शेतात रमणारं. चार हजार मीटरवरच्या घसाऱ्यात वर्षानुवर्षं बसून एकदाच फुलणाऱ्याला शेतात कुठे आणि किती वर्षं सांभाळणार? चीनमध्ये तिएनशानच्या हिमकमळाच्या (ती जात वेगळी) पेशी प्रयोगशाळेत वाढवतात म्हणे. तो रस्ता कदाचित चालेल.

मिसिसिपीकाठचा
जाता जाता त्याच डोंगररांगांतली अजून एक गोष्ट. तिथे फ्रिटिलॅरिया नावाचं छोटं कंदाचं झाड आहे, खोकल्याच्या औषधासाठी कंद उकरतात. २०२० मध्ये चिनी आणि ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की जिथे उकरणं सोपं आहे आणि खूप उकरतात तिथली झाडं हिरवी राहिलेली नाहीत, आजूबाजूच्या दगडांसारखी राखी-तपकिरी झालीत. हिरवी दिसली ती गेली, दगडात मिसळली ती वाचली. हिमकमळ बुटकं होऊन लपतंय, हे रंग बदलून.

चहाबाज
माणसापासून लपायला झाडांनी कपडे बदलले. चहा गार झाला वाचता वाचता.

शंकासूर
रानजाई, मूळ प्रश्न राहिलाच. त्या जुडीचं काय केलंत?

रानजाई
काल काढून पट्टीने मोजली. सर्वात मोठं १६ सेंटीमीटर, त्याचेच तिप्पट पैसे दिले होते. बाकीची ११, १० आणि ९. चारही फुलावर असतानाच काढलेली, बी कशातच नाही. मिसिसिपीकाठचा, तुमच्या संग्रहालयाला पाठवता येतील का?

मिसिसिपीकाठचा
देशाबाहेर पाठवायच्या भानगडीत पडू नका, परवानग्यांचं जंजाळ आहे. आणि बाजारातून घेतलेलं झाड नेमकं कुठल्या उतारावरचं ते माहीत नसेल तर संशोधनाला त्याचा फारसा उपयोग नाही. तरी वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि चिठ्ठी लावा: देचेन बाजार, महिना, साल, उंची. डांबरगोळी टाका, नाहीतर किडे खातील.

रानजाई
ठेवली दाबून, शांघायच्या वर्तमानपत्रात. चिठ्ठी मराठीत लिहिलीये.

काढेवाली
आणि गुडघे?

रानजाई
सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. दारूच्या पेल्याचं ऐकून आधी "राम राम" म्हणाल्या, मग खो खो हसल्या. महिनाभर फिजिओकडे जाताहेत, जिना चढताना आता कठडा धरत नाहीत. आणि म्हणाल्या, बाल्कनीतल्या ब्रह्मकमळाला पाच कळ्या आल्यात, दोन आज रात्री उमलतील, व्हिडिओ कॉल कर. ते मेक्सिकोचं आहे हे मी काही सांगितलं नाही. नऊच्या आरतीला मीही ऑनलाइन होते.

चहाबाज
फोटो टाका.